बर्फाखालची खातेवही

बँकेत असताना एखादी जुनी खातेवही उघडावी आणि मधलीच पाने फाटलेली निघावीत, की माझ्या पोटात गोळा येई. बेरीज बरोबर असेलही. पण मधल्या काळात काय घडले, हे कोण सांगणार?

अशीच एक वही उत्तर ध्रुवाजवळ, बर्फाने झाकलेल्या समुद्राच्या तळाशी आहे. लोमोनोसोव्ह नावाची बुडालेली डोंगररांग सैबेरियाकडून ग्रीनलंडकडे गेली आहे. तिच्यावर कोट्यवधी वर्षे गाळ साचत राहिला. 2004 च्या ऑगस्टमध्ये तीन जहाजे तो वाचायला निघाली. पंचाईत अशी, की छिद्र पाडणाऱ्या जहाजाने एका जागी उभे राहायला हवे आणि बर्फ तर सतत वाहत असतो! तेव्हा रशियाचे अणुशक्तीवर चालणारे 'सोव्हेत्स्की सोयूझ' वाहत येणाऱ्या अवाढव्य लाद्या आधी फोडी, स्वीडनचे 'ओडेन' त्यांचे तुकडे करी, आणि त्या चुऱ्यात ठाण मांडून 'विदार वायकिंग' छिद्र पाडी. तळाखाली 428 मीटरपर्यंत ते पोहोचले.

गाळात काय निघाले? सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वी, एका उष्ण टप्प्यात, तिथले पाणी वीस अंशांपेक्षा उबदार होते. 4.9 कोटी वर्षांपूर्वी त्यावर अझोला पसरला होता. आपल्याकडे भातखाचरात सोडतात, गाईम्हशींना चारतात, त्याच कुळातला. उत्तर ध्रुवाच्या गोष्टीत मला एकदम कोकणच दिसले.

पण मधली पाने नाहीत. पहिल्या हिशेबात 2 कोटी 60 लाख वर्षांची तूट निघाली, तीही पृथ्वी उबेकडून थंडीकडे वळली नेमक्या त्या काळातली. 2011 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी वेगळ्या रीतीने मोजून ही तूट फारच लहान ठरवली. वाद मिटवायचा तर नवे छिद्र हवे. तशी मोहीम 2022 साठी ठरलीही होती. युक्रेनचे युद्ध पेटले, रशियाचे बर्फ फोडणारे जहाज मिळेनासे झाले, आणि मोहीम तेव्हा राहिली ती राहिलीच.

मालकीचे कागद मात्र थांबले नाहीत. 2007 मध्ये रशियाने ध्रुवाखाली, 4,261 मीटर खोल, टायटॅनियमचा झेंडा रोवला. हीच डोंगररांग आपल्या जमिनीचा समुद्राखालचा विस्तार आहे, असे रशिया, डेन्मार्क आणि कॅनडा या तिघांनीही संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाला कळवले आहे. त्यासाठी तळाची मोजणी वर्षानुवर्षे चालली. सातबाऱ्यावर नाव चढवायची घाई, आणि जमिनीत काय आहे ते पाहायला सवड नाही, असे कर्जप्रकरणांत मी पुष्कळदा पाहिले. तेव्हा हसू येई. इथे येत नाही. कारण ध्रुवावरचा बर्फ आज झपाट्याने वितळतो आहे, आणि तो पहिल्यांदा कधी नि कसा गोठला, याचा जमाखर्च त्याच पानांत आहे.