गणवेशाची किंमत आणि गणवेशाचे मोल

आपल्या देशात माणसाचे नाव कळण्याआधी पुष्कळदा त्याचा गणवेश कळतो. रेल्वे स्थानकावर लाल सदरा दिसला की हमाल ओळखू येतो, खाकी कपड्यांतील टपालवाला दारात आला की घरातील माणसे पत्रासाठी पुढे होतात, रुग्णालयात पांढऱ्या वेषातील परिचारिका दिसली की आप्तांना धीर येतो. बँकेच्या दाराशी उभ्या असलेल्या रक्षकाला कोणी नाव विचारीत नाही. त्याच्या अंगावरचा गणवेश पाहूनच ग्राहक निर्धास्तपणे आत येतो. समाज ज्या कपड्यावर इतका विश्वास टाकतो, तो कपडा कोणी, कोणत्या अटींवर आणि कोणाच्या सोयीसाठी शिवला, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

गणवेशाचा मूळ हेतू काय होता, हे खाकी रंगाच्या इतिहासावरून समजते. ‘खाक’ म्हणजे धूळ. १८४६ मध्ये पेशावर येथे हॅरी लम्सडेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने ‘कोअर ऑफ गाइड्स’ ही तुकडी उभारली. तापलेल्या, धुळीने भरलेल्या त्या मुलखात भडक रंगाचा घट्ट डगला गैरसोयीचा आणि धोक्याचाही होता, म्हणून तुकडीसाठी सैल, धुळीत मिसळून जाणाऱ्या रंगाचे कपडे निवडले गेले. पुढे मंगळूर येथील बासेल मिशनच्या विणकामशाळेतही खाकी कापड तयार होऊ लागले आणि लष्करापाठोपाठ पोलीस, टपाल, वाहनचालक अशा अनेकांच्या अंगावर तो रंग आला. तो रंग कोणाला देखणा वाटला म्हणून आलेला नव्हता; हवामानाने आणि कामाने तो ठरविला होता. गणवेश आधी कामासाठी आणि मग ओळखीसाठी, हा क्रम त्यात स्पष्ट होता. आज हा क्रम बऱ्याच ठिकाणी उलटला आहे, आणि त्याचे मूळ गणवेश शिवणाऱ्यांपेक्षा तो खरेदी करणाऱ्यांच्या पद्धतीत अधिक आहे.

गणवेशाचा व्यवसाय वाटतो तितका लहान नाही. राजस्थानातील भीलवाडा हे शहर पॉलिएस्टर आणि व्हिस्कोस यांच्या मिश्र धाग्याच्या सुटिंगसाठी देशभर ओळखले जाते आणि गणवेशांचे पुष्कळसे कापड तेथून येते. चादरी आणि टॉवेल यांसाठी नावाजलेल्या सोलापुराने गेल्या काही वर्षांत गणवेशाच्या शिलाईत चांगलाच जम बसविला आहे. तेलुगूभाषक पद्मशाली विणकरांच्या पिढ्यांनी ज्या शहरात मागाचा खडखडाट घरोघरी नेला, त्याच शहरातील तयार कपड्यांच्या उत्पादकांनी २०१७ पासून गणवेशांची खास प्रदर्शने भरविण्यास सुरुवात केली. कापड विणणारा, रंगविणारा, कापणारा, शिवणारा, काजे-बटणे करणारा, इस्त्री करून घड्या घालणारा आणि शेवटी माल पोहोचविणारा अशी ही लांबलचक साखळी आहे. तिच्यातील बहुतेक दुवे लहान उद्योगांचे आहेत, आणि शिलाई यंत्रावर बसलेल्यांत स्त्रियांची संख्या मोठी आहे.

या साखळीच्या एका टोकाला निविदा असते. कारखाना असो, नगरपालिका असो वा सुरक्षा सेवा पुरविणारी संस्था असो, गणवेशाची खरेदी बहुतेक ठिकाणी एकाच निकषावर होते, तो म्हणजे सर्वात कमी दर. कमी दरात वाईट काहीच नाही. जनतेचा किंवा भागधारकांचा पैसा जपून खर्च झालाच पाहिजे. पण कमी दर न्याय्य ठरतो तो सर्वांनी एकच वस्तू देऊ केली असेल तेव्हा. निविदेत ‘चांगल्या प्रतीचे टेरिकॉट कापड, रंग निळा’ एवढेच लिहिलेले असेल, तर दहा पुरवठादार दहा निराळ्या वस्तू देऊ करतात आणि त्यांतील सर्वात हलकी वस्तू जिंकते.

पैसे कोठे वाचविले जातात, हे जाणकार शिंप्याला कपडा हातात घेताच कळते. चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाच्या कापडाऐवजी १६० ग्रॅमचे वापरले जाते. चांगल्या पक्क्या रंगाऐवजी स्वस्त रंग दिला जातो आणि दहा धुलाईंत निळ्याचा राखाडी होतो. कापड आधी आटवून घेतलेले नसते, त्यामुळे पहिल्याच पावसात विजार घोट्याच्या वर चढते. शिवणीत इंचाला बारा टाके हवेत तेथे आठ पडतात, आत माया ठेवली जात नाही, खिशाच्या कोपऱ्यांना मजबुतीचे टाके घातले जात नाहीत. उंच हात करून काम करणाऱ्याचा सदरा काखेत उसवतो आणि पान्हा-पक्कड ठेवणाऱ्याचा खिसा महिन्याभरात लोंबू लागतो. नमुन्याच्या कपड्यात यांतील काहीच दिसत नाही, कारण नमुना कधी धुतलेला नसतो आणि तो घालून कोणी काम केलेले नसते.

या हलक्या मालाचा हिशेबही फायद्याचा ठरत नाही. समजा, एक जोड ६०० रुपयांचा आहे आणि सहा महिने टिकतो, दुसरा ९०० रुपयांचा आहे आणि पंधरा महिने टिकतो. पहिल्याचा खर्च महिन्याला १०० रुपये पडतो, दुसऱ्याचा ६० रुपये. खरेदीच्या दिवशी स्वस्त वाटलेला कपडा वापराच्या काळात महाग पडतो. शिवाय फाटलेला, रंग उडालेला गणवेश घालून कर्मचारी ग्राहकासमोर उभा राहतो तेव्हा संस्थेची जी शोभा होते, ती कोणत्याच जमाखर्चात मांडली जात नाही.

आपल्या उद्योगाला चांगला माल करता येत नाही म्हणून असे होते, असे मात्र कोणी म्हणू नये. २०२० च्या आरंभी अंगभर संरक्षण देणारे वैद्यकीय पोशाख देशात जवळजवळ तयारच होत नव्हते. परदेशातून आणावे लागत. कोरोनाच्या साथीत मागणी आली आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात देशातील उत्पादन दिवसाला साडेचार लाखांच्या घरात गेले. बंगळूर, तिरुप्पूर, कोइम्बतूर येथील कपड्यांचे कारखाने काही आठवड्यांत या कामाला लागले. या यशात संख्येइतकेच महत्त्व कसोटीचे होते. कोइम्बतूर येथील दक्षिण भारत वस्त्र संशोधन संस्थेत कापडावर आणि शिवणीवर कृत्रिम रक्ताचा दाब देऊन ते आत झिरपते का, हे तपासले जाई; उत्तीर्ण नमुन्याला स्वतंत्र सांकेतिक क्रमांक मिळे. शिवणीच्या छिद्रांतून द्रव आत जाऊ नये म्हणून वरून उष्णतेने पट्टी चिकटवावी लागे, हे अनेक उद्योजक त्या काळातच शिकले. ग्राहकाने नेमके काय हवे ते सांगितले आणि ते तपासूनच घेतले, तर भारतीय कारागीर ते करून देतो, हा त्या अनुभवाचा धडा आहे. साथ ओसरल्यावर साध्या गणवेशाच्या बाबतीत तो विसरला जावा, हे दुर्दैवाचे आहे.

साधा गणवेशही प्रसंगी जिवाचा प्रश्न होतो. भट्टीजवळ किंवा वेल्डिंगचे काम करणाऱ्याच्या अंगावर पॉलिएस्टरचे प्रमाण अधिक असलेला सदरा असेल, तर ठिणगी पडताच धागा वितळतो आणि कातडीला चिकटतो. सैल बाही फिरत्या पट्ट्यात अडकते. १९४८ च्या कारखाना अधिनियमानेच चालू यंत्राजवळ काम करणाऱ्या प्रशिक्षित कामगाराला अंगाबरोबर बसणारे कपडे मालकाने पुरवावेत, असे म्हटले होते. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार नव्या कामगार संहिता अमलात आल्या. त्यांतील सुरक्षाविषयक संहितेनुसार कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेसाठी पुरविलेल्या गोष्टींचे पैसे कर्मचाऱ्याकडून घेता येत नाहीत. भारतीय मानक ब्यूरोने उष्णतेजवळ काम करणाऱ्यांच्या पोशाखासाठी आयएस १५७४८ आणि दुरून ठळक दिसणाऱ्या कपड्यांसाठी आयएस १५८०९ ही मानके प्रसिद्ध केली आहेत. कायदा आहे, मानक आहे. उरते ते निविदेत त्या मानकाचा क्रमांक लिहिण्याचे आणि आलेला माल त्या क्रमांकाप्रमाणे तपासण्याचे काम.

सर्वाधिक उपेक्षा स्त्री कर्मचाऱ्यांच्या वाट्याला येते. २०२३ मध्ये एअर इंडियाने मनीष मल्होत्रा यांच्याकडून नवे गणवेश तयार करवून घेतले, त्याची चर्चा देशभर झाली. ती होण्यात गैर काही नाही. पण त्याच देशातील शहरांत पहाटे रस्ते झाडणाऱ्या स्त्रीच्या साडीवर पुरुषांच्या मापाचे जाकीट चढविलेले असते. त्याचे खांदे तिच्या दंडावर उतरतात, बाह्या दुमडाव्या लागतात, खिसा कोठेतरी भलतीकडे असतो. मोठे, मध्यम आणि लहान अशी तीन मापे मागवली की स्त्रियांची सोय झाली, असे गृहीत धरले जाते. केरळात घरोघरचा कचरा गोळा करणाऱ्या हरित कर्म सेनेच्या स्त्रिया हिरव्या गणवेशात फिरतात आणि त्या वेषामुळे त्या ओळखल्या जातात. ओळख मिळते तेथे कामाचा मान वाढण्यास मदत होते. परंतु तो मान टिकावयाचा तर कपडा अंगाला बसला पाहिजे, घामात सुसह्य असला पाहिजे आणि रात्री धुतला तर सकाळी वाळला पाहिजे.

गणवेशाचा खर्च कोणी सोसावा, हाही प्रश्न येथेच येतो. केंद्र सरकारने सातव्या वेतन आयोगानंतर जुलै २०१७ पासून धुलाई भत्त्यासारखे अनेक लहान भत्ते एकत्र करून गणवेश भत्ता ठरविला. वर्गवारीनुसार तो तेव्हा वर्षाला ५,००० ते २०,००० रुपये होता. कायम नोकरांसाठी ही व्यवस्था सोयीची आहे, कारण कर्मचारी आपल्या शिंप्याकडून आपल्या मापाचे कपडे शिवून घेऊ शकतो. कंत्राटी रक्षक, सफाई कर्मचारी, माल पोहोचविणारी मुले यांच्यापैकी अनेकांची स्थिती याच्या उलट आहे. पहिल्या पगारातून गणवेशाची रक्कम कापली जाते, नोकरी सुटली की कपडे परत मागितले जातात. ज्या कपड्यावर संस्थेचे नाव आहे, ज्यामुळे संस्थेची जाहिरात होते, त्याची किंमत सर्वात कमी पगाराच्या माणसाने द्यावी, याचे समर्थन करता येण्यासारखे नाही.

साखळीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या लहान उत्पादकाकडेही पाहिले पाहिजे. हलका माल तोच करतो हे खरे. पण ज्याचे पैसे चार-सहा महिने अडकून पडतात, त्याला चांगले कापड रोखीने घेणे जमत नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमाने अशा पुरवठादाराचे पैसे फार तर ४५ दिवसांत देण्याचे बंधन घातले आणि विलंबासाठी बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज ठरविले. २०२३ च्या वित्त अधिनियमाने सूक्ष्म व लघु उद्योगांची मुदतीत न दिलेली देणी त्या वर्षीच्या खर्चात धरता येणार नाहीत, अशी तरतूदही केली. ‘ट्रेड्स’ या इलेक्ट्रॉनिक व्यवस्थेत खरेदीदाराने मान्य केलेले बिल बँकांकडे वटवून पुरवठादाराला लवकर पैसे मिळतात. २५० कोटी रुपयांपेक्षा अधिक उलाढालीच्या कंपन्यांना तेथे नोंदणी करणे बंधनकारक झाले आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत शिंपीकामाचा समावेश असून, तारणाशिवाय प्रथम एक लाख आणि नंतर दोन लाख रुपयांपर्यंतचे कर्ज पाच टक्के व्याजाने देण्याची सोय तीत आहे. बँकांनी या व्यवस्थांची माहिती शिलाईच्या छोट्या कारखान्यांपर्यंत पोहोचविली, तर तयार कपड्याची प्रत सुधारण्यास निश्चितच हातभार लागेल. पण कर्ज हे थकलेल्या बिलाला पर्याय होऊ शकत नाही. खरेदीदाराने मुदतीत पैसे देणे, हीच या उद्योगाला सर्वात मोठी मदत आहे.

सुधारणेसाठी फार मोठ्या योजनांची गरज नाही. निविदेत कापडाचे वजन, धाग्यांचे प्रमाण, रंगाचा पक्केपणा, इंचातील टाके आणि लागू असलेले मानक स्पष्ट लिहावे. नमुना पाहताना तो वीस-पंचवीस वेळा धुऊन पाहावा. मोठी मागणी नोंदविण्यापूर्वी दहा-बारा कर्मचाऱ्यांनी, त्यांत स्त्रियाही असाव्यात, तो महिनाभर घालून काम करावे आणि त्यांचे मत लेखी घ्यावे. स्त्रियांची मापे स्वतंत्रपणे घ्यावीत. कर्मचाऱ्याच्या वेतनातून गणवेशाची कपात करू नये. या अटी पाळून जो सर्वात कमी दर देईल, त्याला काम अवश्य द्यावे. मग तो दर खऱ्या अर्थाने कमी असेल.

गणवेश खरेदी करणारा तो वर्षातून एकदा कागदावर पाहतो. तो घालणारा मात्र दिवसाचे आठ, दहा, बारा तास, उन्हात, पावसात आणि यंत्रांच्या धगीत त्याच कपड्यात वावरतो. किंमत ठरविण्याचा अधिकार खरेदी करणाऱ्याकडे असला, तरी त्या कपड्याचे मोल घालणाऱ्यालाच अधिक ठाऊक असते. त्याला विचारण्यास काहीही खर्च येत नाही.