विश्लेषण : ८० विश्वविक्रमांचा अलेक्सेयेव्ह, वगळलेला 'प्रेस' आणि आपल्या कमरेचा हिशेब

वासिली अलेक्सेयेव्ह या सोव्हिएत वेटलिफ्टरचे नाव आजच्या जिममधल्या पोरांना ठाऊक असण्याचे कारण नाही. पण सत्तरच्या दशकात 'जगातला सर्वात ताकदवान माणूस' म्हटले की हाच चेहरा डोळ्यांसमोर येई. १६० किलोच्या आसपासचे शरीर, सुटलेले पोट आणि दाट कल्ले. १९७० ते १९७७ या काळात त्याने ८० विश्वविक्रम केले. २५ नोव्हेंबर २०११ रोजी वयाच्या ६९व्या वर्षी त्याचे निधन झाले. त्याची आठवण काढायची तर फक्त आकड्यांसाठी नव्हे. वजन उचलताना शरीर कुठे सांभाळते आणि कुठे हरते, हे त्याच्या कारकीर्दीइतके दुसरीकडे क्वचितच स्पष्ट दिसते.

६०० किलोचा टप्पा काय होता?

त्या काळी वेटलिफ्टिंगमध्ये तीन प्रकार होते : प्रेस, स्नॅच आणि क्लीन अँड जर्क. तिन्हींतील सर्वोत्तम वजनांची बेरीज करून विजेता ठरे. १८ मार्च १९७० रोजी मिन्स्कमध्ये अलेक्सेयेव्हने ही बेरीज प्रथमच ६०० किलोवर नेली. त्याच वर्षी अमेरिकेत कोलंबस येथे त्याने क्लीन अँड जर्कमध्ये ५०० पौंडांची भिंत ओलांडली. १९७२च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये ६४० किलो उचलताना दुसऱ्या क्रमांकावरचा स्पर्धक त्याच्या ३० किलो मागे होता.

हे विक्रम तो एकदम मोठ्या झेपेने करत नसे. अर्धा किलो, एक किलो अशी चिमूटभर वाढ करत जाई. सोव्हिएत व्यवस्थेत प्रत्येक विक्रमामागे बक्षीस मिळे, म्हणून तो विक्रम 'सुट्टे करून' घेई, अशी टीका तेव्हाही होत असे. ती खरी असली तरी हरकत नाही. लोभापायी का होईना, त्याने जे केले तेच आजचे प्रशिक्षक कानीकपाळी ओरडून सांगतात : वजन थोडे थोडे वाढवा. स्नायू काही आठवड्यांत बळकट होतात; स्नायूबंध आणि हाडांना मात्र जास्त वेळ लागतो. जिममध्ये तिसऱ्या महिन्यात होणाऱ्या दुखापतींचे मूळ बहुधा याच फरकात असते.

'प्रेस' का वगळला?

अलेक्सेयेव्ह प्रेसचा बादशहा होता. म्युनिकमध्ये त्याने २३५ किलो प्रेस केले आणि त्याच ऑलिम्पिकनंतर हा प्रकार स्पर्धेतून कायमचा बाद झाला.

नियम साधा होता. बार खांद्यावर घ्यायचा आणि गुडघे न वाकवता, फक्त हातांच्या जोरावर डोक्यावर न्यायचा. प्रत्यक्षात खेळाडू कंबर मागे झुकवू लागले, नितंबाला झटका देऊ लागले. मागे झुकले की छातीचे मोठे स्नायूही कामाला लागतात आणि वजन वर जाते. किती झुकणे चालेल, यावर पंचांचे एकमत होईना. एकाने पांढरा दिवा लावावा, दुसऱ्याने लाल. दरम्यान, शेकडो किलो डोक्यावर असताना मागे वाकलेल्या कमरेच्या मणक्यांवर भलताच ताण येत होता. नियम मोजता येत नाही, म्हणून शरीर मोजावे लागले, असाच हा प्रकार. तो रद्द करणे हा त्या खेळाने घेतलेला सर्वात शहाणपणाचा निर्णय होता, मग त्यात एका महान खेळाडूचे हुकमाचे पान गेले तरी.

आणि अलेक्सेयेव्हचे काय बिघडले? काहीच नाही. उरलेल्या दोन प्रकारांत त्याने १९७६च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये ४४० किलो उचलले. त्यात २५५ किलोचा विश्वविक्रमी क्लीन अँड जर्क होता.

कंबर नेमकी कशामुळे दुखावते?

वजनापेक्षा वजनाचे अंतर महत्त्वाचे असते. ढोबळ हिशेब करून पाहा. पाठीचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून साधारण ५ सेंटिमीटर मागे असतात. २० किलोचा पाण्याचा जार तुम्ही वाकून, हात लांब करून, मणक्यापासून ५० सेंटिमीटरवर धरला तर तो तोलायला त्या स्नायूंना त्याच्या दहापट, म्हणजे २०० किलोइतका जोर लावावा लागतो. पुढे झुकलेल्या धडाचा भार वेगळाच. तोच जार पोटाजवळ, २५ सेंटिमीटरवर आणला की हा जोर निम्मा होतो. वेटलिफ्टर बार नडग्यांना आणि मांड्यांना जवळजवळ घासत वर नेतो, तो शोभेसाठी नाही.

'गुडघे वाका, पाठ ताठ ठेवा' हा सल्ला त्यामुळे अर्धाच खरा ठरतो. गुडघे वाकवूनही जार लांबच राहिला तर फायदा थोडा. त्याहून घातक म्हणजे वजन हातात असताना कमरेतून वळणे : गॅसचा भरलेला सिलिंडर, म्हणजे सुमारे ३० किलो, उचलून तसेच गर्रकन बाजूला ठेवणे. पाय फिरवावेत, कंबर नव्हे. श्वास रोखून जोर लावला की धड घट्ट होते हे खरे, पण रक्तदाबही झपाट्याने चढतो. उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी रील पाहून हा प्रयोग करू नये.

पट्ट्याबद्दलही गैरसमज आहे. खेळाडूचा रुंद पट्टा पोटाला दाबायला भिंत देतो. तो बांधला म्हणून चुकीची उचल बरोबर होत नाही.

मॉस्कोत काय झाले?

१९७८च्या जागतिक स्पर्धेत अलेक्सेयेव्ह दुखापतग्रस्त झाला. दोन वर्षांनी, ३८व्या वर्षी, तो थेट मॉस्को ऑलिम्पिकमध्ये, घरच्या प्रेक्षकांसमोर उतरला. स्नॅचची सुरुवातच १८० किलोने केली. तिन्ही प्रयत्न फसले आणि तो स्पर्धेबाहेर गेला. दहा किलोंनी खाली सुरुवात केली असती तर, हा प्रश्न तेव्हापासून विचारला जातो. पण बार त्याच्या हातून सुटला तेव्हा तो मोकळ्या मंचावर पडला आणि खेळाडू बाजूला झाला. फसलेले वजन टाकून देणे हाही त्या कलेचाच भाग आहे.

टाकून देता न येणाऱ्यांचे काय?

हमालाला पहिला प्रयत्न किती किलोचा, हे ठरवता येत नाही आणि गोणी सोडूनही देता येत नाही. महाराष्ट्रात १९६९च्या माथाडी कायद्याने मजुरी, नोंदणी आणि सुरक्षिततेची चौकट दिली, हे मोठे काम होते. पण पाठीवरच्या ओझ्याचा प्रश्न तेवढ्याने सुटला नाही. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा संस्था 'नायॉश' अगदी आदर्श स्थितीतही २३ किलोची मर्यादा सुचवते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९६७च्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोचा आकडा आहे. म्हणजे ५० किलोची सिमेंटची गोणी एका मोजपट्टीत बसते, दुसरीत दुपटीहून जास्त भरते.

अशा वेळी कंपन्या सोपा मार्ग धरतात, 'योग्य उचल' शिकवणारी कार्यशाळा घेतात. 'कॉक्रेन'च्या वैद्यकीय आढाव्यात मात्र अशा प्रशिक्षणाने कामगारांची पाठदुखी टळते, याला पुरावा सापडला नाही. तंत्र खेळाडूला वाचवते, कारण वजन, विश्रांती आणि थांबणे त्याच्या हातात असते. दिवसभर ट्रक रिकामे करणाऱ्याच्या हातात यापैकी काहीच नसते. त्याच्यासाठी गोणीच हलकी करावी लागते. ब्रिटन आणि जर्मनीत सिमेंटची पिशवी २५ किलोची मिळते. आपल्याकडे गोणीवर अजून ५० छापलेले असते.