पुन्हा भारतच जिंकेल का?

'माझे मत' या सदरात प्रत्येकाने आपले मत लिहावे असे गुरुजींनी सांगितले. बऱ्याच जणांनी झाडे लावा आणि पाणी जपून वापरा असे लिहिले आहे. ते बरोबरच आहे. पण मी खोखोवर लिहिणार आहे. कारण आमच्या गावात पारावर खोखोवरून वाद चालू आहे आणि त्या वादात आम्हां मुलींना कुणी विचारलेले नाही.

वाद असा आहे. २०२५ सालच्या जानेवारीत दिल्लीला खोखोचा पहिला विश्वचषक झाला. २३ देशांचे खेळाडू आले होते. पुरुषांत भारत पहिला आला आणि महिलांतही भारतच पहिला आला. दोन्ही अंतिम सामन्यांत समोर नेपाळ होता. आता पुढचा विश्वचषक होईल तेव्हा काय, यावर पारावर दोन बाजू पडल्या आहेत. एक बाजू म्हणते, "आपलाच खेळ हाय. दुसरं कोण जिंकतंय?" दुसरी बाजू म्हणते, "मग त्यात काय मोठं? दुसरं कुणी खेळतंच न्हाई." दोन्ही बाजू तंबाखू मात्र एकाच डबीतली खातात.

माझे मत असे आहे की दोन्ही बाजू चुकत आहेत. लहान तोंडी मोठा घास घेते म्हणून मोठ्यांनी रागावू नये.

आधी पहिली बाजू. ही माणसे एकच सामना सांगतात. संक्रांतीच्या दिवशी आपल्या महिला संघाने दक्षिण कोरियाला १७५ विरुद्ध १८ असे हरवले. गुरुजींनी आम्हाला त्याची वजाबाकी घातली होती. उत्तर १५७ येते. एकाने हातचा न घेता १६३ काढले, म्हणजे त्याने कोरियाला आणखीच हरवले. पण त्याच्या आदल्या दिवशी, भोगीला, पुरुषांचा पहिला सामना नेपाळशी झाला. त्यात भारत ४२ आणि नेपाळ ३७. फक्त पाच गुण! दोन-तीन गडी लवकर बाद झाले असते तर पारावरची मंडळी भोगीची भाजी सुद्धा नीट जेवली नसती. हा सामना कुणीच सांगत नाही. पुढे १९ जानेवारीला अंतिम सामन्यात त्याच नेपाळला आपण ५४-३६ असे हरवले. महिलांचा अंतिम सामना ७८-४० झाला. म्हणजे आपण जिंकलो हे खरेच. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचेच होते, याचा मला अभिमान वाटतो. पण कोरियाला १८ गुण मिळाले आणि नेपाळच्या मुलींनी ४० घेतले, हा फरक बघायला पाहिजे. हरलेला माणूस घरी जाऊन झोपत नाही, तो सराव करतो. खोखोचे नियम १९१४ साली पुण्यात केले, असे गुरुजी सांगतात. तरी नियम आपण केले म्हणून कुणी आपल्याला गुण देत नाही.

आता दुसरी बाजू. दुसरे कुणी खेळत नाही असे म्हणणाऱ्यांना मी एक विचारते. मग ब्राझील कशाला आला होता? माझा चुलतभाऊ बारावीत आहे. तो फुटबॉलचा भक्त आहे. २०२२ साली कतारला फुटबॉलचा विश्वचषक झाला, तेव्हा अर्जेंटिना आणि फ्रान्स यांचे ३-३ झाले आणि मग पेनल्टीवर अर्जेंटिना ४-२ ने जिंकला. त्यावरून तो आणि त्याचा मित्र आठ दिवस एकमेकांशी बोलत नव्हते. दोघांनीही ते देश नकाशात सोडून कुठे पाहिलेले नाहीत. आणि भारत तर फुटबॉलच्या विश्वचषकात अजून एकदाही खेळलेला नाही. ब्राझील तो चषक पाच वेळा जिंकलेला आहे. असा देश आपला खोखो शिकून दिल्लीला आला आणि आपल्याकडून ६४-३४ असा हरला. आपण त्यांचा खेळ शिकून अजून तिथवर पोचलो नाही. ते आपला शिकून इथवर आले. मग हसायचे कुणाला?

आणखी एक गोष्ट मला सलते. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, तेव्हा गावात फटाके वाजले. मीही नाचले. पण खोखोच्या दोन चषकांना कुणी एक टिकलीसुद्धा फोडली नाही. दोन चषक होते ना?

खोखो सोपा आहे असे मोठ्या माणसांना वाटते, कारण त्यांनी तो शाळेत खेळून सोडून दिला. आठ गडी चौकोनात बसतात, एकाचे तोंड इकडे तर दुसऱ्याचे तिकडे. नववा धावतो. एकदा दिशा धरली की खांबापर्यंत मागे वळायचे नाही, मधली रेघ ओलांडायची नाही. पळणारा मात्र कसाही, कुठूनही जातो. म्हणून पाठलाग करणाऱ्याने डोक्याने खेळावे लागते आणि पळणाऱ्याने हूल द्यावी लागते. खो पाठीमागूनच द्यायचा. बसलेल्याने आधीच उठायचे नाही. आणि दिल्लीला हे सगळे मॅटवर झाले. आम्ही मुरमावर खेळतो. आमच्या गुडघ्यांना कायमची खपली असते. मॅटवर पाय कसा ठरतो ते मला माहीत नाही, पण मातीवर खेळणाऱ्याला आधी मॅटची सवय करावी लागत असणार. पारावर याचा विचार कुणी केला नाही.

आता आपल्या जिल्ह्याचे सांगते. हे पारावर कुणालाच ठाऊक नव्हते, म्हणून जरा ठळक अक्षरात लिहिले आहे. २०१६ साली गुवाहाटीला दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या मुलींनी खोखोचे सुवर्णपदक मिळवले. त्या संघाच्या कर्णधार सारिकाताई काळे आपल्या जिल्ह्यातल्या. २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. तेव्हा आपल्या जिल्ह्याचे नाव उस्मानाबाद होते. आणि २०२५ च्या विश्वचषक जिंकणाऱ्या संघात अश्विनीताई शिंदे होत्या. त्याही धाराशिवच्या. हे कळल्यावर एक आजोबा म्हणाले, "आपल्या धाराशिवची? आन् आम्हाला कसं न्हाई कळलं?" मी म्हणाले, "आजोबा, तुम्ही पुरुषांचीच मॅच लावली होती." सगळे हसले. ते आजोबा पण हसले.

म्हणून मला वाटते की भारत जिंकेल का हे विचारताना आधी खेळणार कोण हे विचारावे. आमच्याच शाळेचा हिशोब बघा. तिसरी-चौथीच्या मिळून आम्ही अकरा मुली. मैदानात नऊ लागतात. म्हणजे दोन जास्तच होत्या. दिवाळी झाली आणि चार मुली आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेल्या. राहिल्या सात. केंद्राची स्पर्धा नेमकी थंडीतच येते. मग दुसरीतल्या दोघी घेतल्या. एक तर खो मिळाल्यावर उठायचेच विसरली आणि तोंडावर हात ठेवून बसून राहिली. तिला कुणी रागावू नये, ती सात वर्षांची आहे. आम्ही हरलो.

गेलेल्या चौघींत माझी मैत्रीण आहे. तिला बाद करायला चौथीच्या मुलांना सुद्धा धाप लागते. ती खांबाला असा वळसा घेते की पाठलाग करणारा पुढे निघून जातो आणि ही मागे उभी राहून हसते. ती आता पार कर्नाटकात कुठल्या तरी कारखान्याच्या फडाजवळ कोपीवर आहे आणि धाकट्या भावाला सांभाळते. तिचे आईवडील वाईट नाहीत. उचल घेतली की जावेच लागते, एवढे मला कळते. पण तिची आजी गावातच आहे. मुलांनी गावात राहून शिकावे म्हणून सरकारची हंगामी वसतिगृहाची योजना आहे, त्यात आईवडील बाहेर असेपर्यंत मुलांना जेवण मिळते. पुढच्या दसऱ्याच्या आतच गावातल्या मोठ्या माणसांनी अशा मुलामुलींची यादी करून गुरुजींकडे द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. दिवाळीनंतर यादी करून उपयोग नाही, तोवर ट्रक गेलेला असतो.

दुसरे असे की आपली शाळा चौथीपर्यंतच आहे. जूनपासून आम्ही पाचवीला शेजारच्या गावाला जाणार. मुले सायकलीवर जातील आणि शाळा सुटल्यावर खेळून येतील. आम्हाला मात्र "सुटली की सरळ घरी ये" असे आत्ताच बजावून ठेवले आहे. अंधार पडतो हे खरे आहे. पण अंधार मुलांनाही पडतो. चारपाच मुली मिळून आलो आणि आठवड्यातून दोन दिवस कुणाचे तरी वडील घ्यायला आले, तर काय बिघडेल? पारावर रोज पाचसहा वडील बसलेले असतातच.

माझी आई हे वाचायला येणार आहे. तिने शाळेत असताना खोखो खेळला आहे, पण ती ते कुणाला सांगत नाही. मला आजीने सांगितले.

आता वादाचे उत्तर. मला विचाराल तर दहापैकी सात वेळा भारत जिंकेल आणि तीन वेळा नेपाळ. मुलींच्या संघाचे मी दहापैकी आठ धरते. कुणाला पटत नसेल तर त्याने शेजारच्या कोऱ्या कागदावर आपले मत लिहावे, खडू नको, पेन्सिलीने.

शेवटी मैदानाचे. आमचा एक खांब पावसाळ्यात मोडला आणि दुसरा हलतो. हलत्या खांबाला धरून वळता येत नाही, तो हातात येतो. खांब जमिनीच्या वर १२० सेंटिमीटर लागतो, गुळगुळीत पाहिजे, टोक नको. लिंबाचे लाकूड चालेल. भारत जिंकणार म्हणणाऱ्या बाजूने एक खांब द्यावा. भारत जिंकला तरी त्यात काय मोठे म्हणणाऱ्या बाजूने दुसरा द्यावा. सुतारकाका तासून द्यायला तयार आहेत, मी विचारले आहे. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही सातजणी दोन्ही खड्डे खणून ठेवणार आहोत.

— इयत्ता चौथीतील एक विद्यार्थिनी