विचारांचाही पडताळा हवा!

छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. हौदात पडणारे पाणी दिसते. पण ते दूरच्या डोंगरातून, जमिनीखालच्या नळांतून येते, हे डोळ्यांना दिसत नाही. भावनांचेही असेच आहे. भीती जाणवते, तिच्यामागचा विचार मात्र नजरेआड राहतो.

समजा, गणिताच्या चाचणीत दोघांना १०० पैकी ३५ गुण पडले. एक म्हणतो, ‘मी ढच! आता दहावीत नापास होणार.’ दुसरा म्हणतो, ‘भूमिती कच्ची आहे, ती पक्की केली पाहिजे.’ गुण तेच. पण पहिला वही मिटतो, दुसरा उघडतो. असे का? कारण दोघांनी लावलेला अर्थ वेगळा आहे.

याच तत्त्वावर अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास आणि ॲरन बेक यांनी १९६० नंतर उपचारपद्धती उभारल्या. त्यांतून बोधात्मक वर्तनोपचार विकसित झाला. एलिस यांचे विचार कि. मो. फडके यांनी मराठीत आणले. या उपचारात मनातला विचार पकडायचा, त्याचा पुरावा तपासायचा आणि छोटी कृती करून पाहायची असते. एलिस यांनी स्वतः तरुणपणी भाषणाची भीती मुद्दाम पुन्हा पुन्हा भाषणे करूनच घालवली होती. चिंता व नैराश्य यांवर ही पद्धती उपयोगी पडते, हे अनेक चाचण्यांत दिसून आले आहे.

निरीक्षण, अनुमान, पडताळा हे आपण प्रयोगशाळेत शिकतो. मग हीच शिस्त स्वतःच्या विचारांना का लावू नये? वडीलधारी माणसे ‘मन घट्ट कर’ म्हणतात. पण ते कसे करायचे, हे कोणी सांगत नाही. म्हणून माझे स्पष्ट मत आहे, की आरोग्याच्या तासाला दात घासण्याइतकेच हेही शिकवले पाहिजे.

मात्र ‘सारे छान आहे’ असे घोकणे म्हणजे हा उपचार नव्हे. कोणी तुम्हांला छळत असेल, तर विचार बदलत बसू नका. शिक्षकांना वा पालकांना सांगा. उदासी दोन आठवडे हटली नाही, तर तज्ज्ञांकडे जा. जीव नकोसा वाटला, तर मात्र क्षणभरही थांबू नका, घरच्यांना सांगा. शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. ताप आल्यावर आपण औषध घेतोच ना? यातही लाज कसली!

आज एक प्रयोग करा. वहीत तीन रकाने आखा: घटना, विचार, पुरावा. आठवडाभर लिहा आणि काय आढळते ते स्वतःच पाहा.