पतसंस्थेचं कुलूप १९७७ सालचं आहे

थोडं लांबलंय, पण वाचा. विषय किचकट वाटेल, पैसा मात्र आपलाच आहे.

गेल्या महिन्यात आपल्या भागातल्या एका पतसंस्थेचं (नाव लिहीत नाही, उगाच वाद नकोत) जुनं सॉफ्टवेअर नव्या सर्व्हरवर चढवायला मला बोलावलं होतं. सी भाषेतला प्रोग्राम, लिहिणारा कधीच सोडून गेलेला. नव्या लिनक्सवर कंपाइल केला तर एरर: ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू सेटकी’. त्याच्याखाली ‘एन्क्रिप्ट’चीही तीच रड.

सोबतचा पोरगा लगेच म्हणाला, "सर, जुनीच लिनक्स टाकू, अर्ध्या तासात चालू." अध्यक्षांनाही तेच पटलं. मला नाही पटलं, आणि म्हणूनच ही पोस्ट.

ही एरर म्हणजे बिघाड नाही. ‘सेटकी’ आणि ‘एन्क्रिप्ट’ ही फंक्शन्स डीईएस नावाच्या पद्धतीने माहिती कुलूपबंद करतात. डीईएस अमेरिकेत १९७७ साली सरकारी मानक झालं. किल्ली फक्त ५६ बिटांची. तेव्हा ती पुरेशी मोठी वाटली (तेव्हाही काही जाणकार ओरडत होतेच). १९९८ मध्ये ईएफएफ या संस्थेने अडीच लाख डॉलरच्या आत एक मशीन बनवलं आणि सगळ्या किल्ल्या लावून बघत ५६ तासांत कुलूप उघडलं. पुढच्या जानेवारीत तेच काम इतरांच्या मदतीने २२ तासांवर आलं. २००१ मध्ये एईएस आलं, २००५ मध्ये अमेरिकेने डीईएसचं मानक मागे घेतलं. अखेर २०१८ मध्ये लिनक्सच्या ग्लिबसी लायब्ररीने, २.२८ आवृत्तीत, नव्या प्रोग्रामांसाठी ही फंक्शन्स बंदच केली. आधी कंपाइल झालेले प्रोग्राम मात्र चालत राहतात, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

आत बघितलं तर आणखी गमती. किल्ली थेट कोडमध्येच लिहिलेली, आठ अक्षरं, सॉफ्टवेअरचंच नाव! म्हणजे दार लावायचं आणि चावी कडीलाच टांगायची. कर्मचाऱ्यांचे पासवर्ड जुन्या ‘क्रिप्ट’ने तपासले जात होते. ते पहिली आठ अक्षरंच बघतं. तुम्ही चौदा अक्षरांचा पासवर्ड ठेवलात तरी शेवटची सहा वाया.

शिवाय प्रत्येक आठ बाइटचा तुकडा वेगवेगळा, एकाच किल्लीने. सारखा तुकडा आत गेला की सारखंच बाहेर येतं. याने काय होतं ते २०१३ मध्ये अडोबीने बघितलं. त्यांचे पासवर्ड ट्रिपल डीईएसने, याच तुकड्या-तुकड्याच्या पद्धतीने ठेवले होते. यादी फुटली तेव्हा कुणाला किल्ली सापडायची गरजच पडली नाही. सारखे दिसणारे पासवर्ड एकत्र केले, शेजारी लोकांनी स्वतः लिहिलेले ‘हिंट’ वाचले, झालं. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत.

अध्यक्षांचा प्रश्न रास्त होता: "इतकी वर्षं काही झालं का?" साहेब, झालं असतं तरी कळलं कसं असतं? कॉपी करून नेलेल्या फाइलीचा पंचनामा होत नाही. रोख गेली तर तिजोरी रिकामी दिसते. पॅन, आधार, खातं नंबर गेले तर सगळं जागच्या जागी दिसतं.

काम अशक्य नाही. जुन्या मशीनवर एकदा सगळ्या नोंदी उघडायच्या, एईएसने पुन्हा बंद करायच्या, किल्ली कोडच्या बाहेर ठेवायची. पासवर्ड तर उलटे उघडता येतील असे ठेवायचेच नाहीत, त्यासाठी बीक्रिप्ट किंवा आर्गॉन२ आहे. माझ्या हिशेबाने तीन आठवडे. खरी डोकेदुखी जुन्या बॅकअपची. कुणाच्या कपाटात, कुणाच्या पेनड्राइव्हवर, किती प्रती आहेत याची नोंदच नाही. त्या शोधून नष्ट केल्याशिवाय नवं कुलूप लावून अर्धाच उपयोग.

खर्च नको म्हणणाऱ्या संचालकांसाठी: २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. लहान संस्थेला एवढा होईल असं मी म्हणत नाही, पण "आम्हाला माहीत नव्हतं" हे उत्तर चालणार नाही.

संचालकांचा निर्णय अजून झालेला नाही. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते. तुम्ही ज्या संस्थेचे सभासद असाल तिथे लाभांशाचं झालं की चहाला उठू नका. ‘ऐनवेळचे विषय’ येतील तेव्हा एवढंच विचारा: आमची माहिती कोणत्या पद्धतीने बंद केली आहे, किल्ली कुणाकडे असते, आणि जुने बॅकअप कुठे आहेत? उत्तर काय मिळालं ते खाली कमेंटमध्ये लिहा, संस्थेचं नाव न घेता.