सॉफ्टवेअर स्लो? सर्व्हर बदलण्याआधी ओळ न् ओळ मोजा

येवला : हातमागावरच्या पैठणीत वेळ कुठे जातो, हे येवल्याच्या विणकराला विचारावं लागत नाही. साडीचं अंग भराभर सरकतं. पदरावरचा मोर मात्र रंगागणिक वेगळी कांडी फिरवत इंचाइंचाने उतरतो. सॉफ्टवेअरमधला असा 'पदर' डोळ्यांना दिसत नाही. मग अंदाजाने रॅम वाढवली जाते, नवा सर्व्हर येतो आणि काउंटरपुढची रांग तशीच राहते. हा पैसा बऱ्याचदा वायाच जातो.

'प्रोफायलिंग' म्हणजे तो पदर शोधणं. पायथॉनमधलं 'सीप्रोफाइल' कोणत्या फंक्शनने किती वेळ खाल्ला ते सांगतं. 'लाइन प्रोफायलर' थेट ओळीवर बोट ठेवतं. दोन्ही फुकट आहेत. डोनाल्ड कनूथ यांनी १९७१ मध्येच फोरट्रान प्रोग्रॅम मोजून दाखवलं होतं, की साधारण ४ टक्क्यांहून कमी कोड निम्म्याहून जास्त वेळ घेतो.

२०२१ चा किस्सा गेमर मंडळींना आठवत असेल. 'जीटीए ऑनलाइन' उघडायला एका प्रोग्रॅमर खेळाडूच्या पीसीवर सहा मिनिटं लागत. त्याने प्रोफायलर लावला. १० एमबीची एक यादी वाचताना, प्रत्येक नोंदीच्या वेळी पुढच्या सगळ्या मजकुराची लांबी नव्याने मोजली जात होती! दुरुस्तीनंतर गेम दोन मिनिटांच्या आत उघडला. पीसी तोच होता. रॉकस्टार कंपनीने त्याला १० हजार डॉलर बक्षीस दिलं.