आधी घर तपासा, मग कंपनी बदला

मैत्रिणींनो, गॅस मंद जळायला लागला की आपण लगेच नवी शेगडी आणतो का? आधी बर्नर काढतो, भोकं पिनेनं साफ करतो, नळी बघतो. मग घरातलं नेट मंद झालं की 'कंपनीच बदला' हा एकच धोशा का?

गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे हेच झालं. माझी लेक लहान बाळाला सांभाळून आमच्या तालुक्याच्या गावातूनच पुण्याच्या ऑफिसचं काम करते. मीटिंगमध्ये तिचा आवाज सारखा तुटायचा. "असंच चाललं तर ऑफिसात येऊन बसावं लागेल," असं साहेबांनी बजावलं. पोरीचा चेहराच उतरला. आमचे हे म्हणाले, "उद्याच दुसरी कंपनी लावू." सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरलेले, त्यातले चार महिने शिल्लक! मी म्हटलं, "आधी दोष कुठंय ते तरी बघू." "तुला काय कळतंय त्यातलं?" हे ठरलेलं उत्तर!

मी बी.ए. मराठी. पण बचत गटाचे हिशेब तपासताना एक शिकले, गळती नेमकी कुठंय ते आधी शोधायचं. लेकीला हाताशी धरलं. घरातले बाकीचे मोबाईल, टीव्ही नेटवरून काढले आणि लॅपटॉप केबलनं थेट राऊटरला जोडून वेग मोजला. प्लॅन ५० एमबीपीएसचा, मिळाले ४७. आतल्या खोलीत वायफायवर मोजला, तर जेमतेम ६! म्हणजे कंपनी देत होती, घरातच वाटेत सांडत होतं.

राऊटर होता टीव्हीमागे, शोकेसच्या कोपऱ्यात, पितळी भांड्यांच्या आडोशाला. धातू आणि जाड भिंती या लहरी अडवतात. तो बाहेर काढून घराच्या मध्यावर, उंच मोकळ्या फळीवर ठेवला. बऱ्याच राऊटरवर दोन वायफाय असतात. ५ गिगाहर्ट्झचं वेगवान, पण भिंतीपलीकडे दमतं; २.४ चं हळू, पण लांब पोचतं. लेकीची खोली आता लगतच आली, म्हणून तिला ५ चं जोडून दिलं. शेजारच्या मुलांना कधीतरी दिलेला पासवर्डही बदलला. खोलीत वेग ३० वर गेला. व्हिडिओ कॉलला चार-पाच एमबीपीएस पुरतात. खर्च शून्य!

कंपनीची चूक नसतेच असं नाही हं. केबल जोडूनही सकाळी आणि रात्री वेग कमीच आला, तर प्लॅनची डेटा मर्यादा संपली नाही ना ते बघा. संपल्यावर वेग मुद्दाम उतरवतात. ती शिल्लक असेल तर आकडे वेळेसह वहीत लिहून तक्रार करा आणि तक्रारीचा क्रमांक मागून घ्या. दाद लागली नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. तरीही नाहीच, तर खुशाल बदला. पण नव्या कंपनीचं नेट रात्री नऊला कसं चालतं, हे आधी गल्लीतल्याच कुणाला तरी विचारा.

मिक्सर, कुकर, शिलाई मशीन आपण दुरुस्त करतो, मग या डबीचीच भीती का? लेकीची नोकरी आज त्या डबीवर चालते. ती 'पुरुषांची गोष्ट' म्हणून सोडून देणं आपल्याला परवडणारं नाही. आज दुपारी जरा तिच्यावरची धूळ पुसा आणि ती कुठं ठेवलीय ते बघा. बघा, पटतंय का!